मकरपुरा जीआयडीसीत इनोव्हाचा स्टीअरिंग रॅक बदलून घेतला: काम चोख, ऑइल मात्र आपलं आपण न्या

बडोद्यात २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या त्यांनी हे जरा नीट वाचा. इंजिन सुकवलं, सीट उन्हात टाकल्या, कार्पेट बदललं की आपण समजतो गाडी वाचली, खाली स्टीअरिंग रॅककडे, म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणाऱ्या भागाकडे, बघतंय कोण. आमची इनोव्हा जुनी, २०१६ ला क्रिस्टा आली त्याच्या आधीची, हायड्रॉलिक म्हणजे ऑइलच्या प्रेशरवर चालणाऱ्या स्टीअरिंगवाली, पुराच्या वेळी अकोट्याला मेव्हण्याच्या सोसायटीत लावलेली होती आणि विश्वामित्रीचं पाणी चाकं बुडेपर्यंत आलेलं (मगर दिसली का असं सगळे विचारतात, नाही दिसली). इंजिनला काही झालं नाही. पण रॅक बसतो पार खाली, त्याच्या दोन्ही टोकांना रबराचे बूट म्हणजे आवरणं असतात, त्यातला एखादा चिरलेला असला की गाळाचं पाणी आत शिरतं आणि तिथेच राहतं, मग रॅकच्या आतल्या रॉडला गंज धरतो तो इतका हळूहळू की तुम्ही पूर विसरून गेल्यावर ऑइल गळायला लागतं.

आमचं तसंच झालं. रिझर्व्हॉयर म्हणजे स्टीअरिंग ऑइलची टाकी, त्यातलं ऑइल सारखं कमी, मांडवीच्या गल्लीत गाडी वळवायची म्हटली की पंप कुईंकुईं करणार, स्टीअरिंग मधेच जड. आधी ज्या गॅरेजला दाखवली तिथे न बघताच पंप गेलाय म्हणून सांगितलं, आणि मी मान हलवली नाही तेव्हा लीक बंद करायचं औषध ओतून दिलं. हे औषध म्हणजे काय तर रबराची सील फुगवणारं केमिकल असतं, फुगलेली सील थोडे दिवस गळती धरून ठेवते आणि मग मऊ पडून आणखी जास्त गळते. शिवाय मूळ भानगड रॉडच्या गंजाची असेल तर बाटली काय करणार?

शेवटी मामेभावाने मकरपुऱ्याचा पत्ता दिला. जीआयडीसीत (गुजरातची एमआयडीसीच) आतल्या गल्लीत एक काका फक्त स्टीअरिंगचंच काम करतात, दुकानाला बोर्ड नाही, बाहेर जुन्या रॅकचा ढीग पडलाय तोच बोर्ड. गाडी वर घेतली, डाव्या बूटची क्लिप कापली, आतून चहाच्या रंगाचं ऑइल आणि चिखल असं मिक्श्चर खाली आलं. पैशाचं एक अक्षर न काढता त्यांनी रॅक उतरवला, खोलला, रॉड पुसून हातात दिला आणि म्हणाले, साहेब, नख फेरवो. सील जिथून सरकते बरोबर तिथे बारीक खड्डे, नखाला लागत होते. "आमां सील किट नाखशो तो पैसा पाणीमां." पुराची गाडी आणि पैसे पाण्यात, हसू आलं पण मुद्दा पक्का होता, खड्डे पडलेल्या रॉडवर नवी सील टाकली तर तो रॉड तिला कानशीसारखा घासत राहतो आणि काही महिन्यांत परत तेच. मला हे दुकान आवडलं ते इथेच. आधी पार्ट दाखवतात, मग बोलतात.

मग पर्याय राहिले दोन, कंपनीचा नवा रॅक किंवा एक्सचेंजमधे तयार केलेला. तयार केलेला म्हणजे जुन्या रॅकच्या रॉडवर हार्ड क्रोम चढवून ग्राइंडिंग, सगळ्या सील आणि बुश नवीन, आणि बेंचवर प्रेशर देऊन टेस्ट. आपला जुना रॅक तिथेच द्यायचा. किंमत नव्याच्या निम्म्याहून बरीच कमी बसली. प्रेशर टेस्ट समोर करून दाखवा म्हटलं तर लगेच दाखवली, काही कुरकुर नाही. रॅक एंड आणि बाहेरचे टाय रॉड एंड, म्हणजे रॅकला चाकांशी जोडणारे सांधे, दोन्ही बाजूचे नवीन टाकून घेतले, एवढं उघडलंय तर जुने परत बसवण्यात काही अर्थ नाही, बूट तर नवीनच.

काम करायची पद्धतही बघण्यासारखी आहे. रॅक उतरवायच्या आधी चाकं सरळ करून स्टीअरिंग सीट बेल्टने बांधून ठेवलं, कारण खालचा जॉइंट सुटल्यावर स्टीअरिंग मोकळं फिरलं तर आतली एअरबॅगची गोल केबल तुटते आणि तो वेगळाच खर्च. कपलिंगवर खडूची खूण. पोरगा शिकाऊ होता पण त्याच्यावर नजर काकांचीच.

आता ऑइल. इथे माझा एक स्टार कमी. कोपऱ्यात निळा ड्रम, त्यातून मगाने लाल ऑइल काढतात आणि येईल त्या गाडीत तेच. काय आहे विचारलं तर "पावर ऑइल". अहो लाल आहे म्हणून काय झालं, तो नुसता टाकलेला रंग असतो. माझ्या इनोव्हाला डेक्सरॉन टू किंवा थ्री एटीएफ चालतं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, म्हणून मी ओळखीच्या कंपनीचे सीलबंद डबे आधीच घेऊन गेलो होतो आणि काकांनी ते आनंदाने टाकले. डेक्सरॉन हे नाव जनरल मोटर्सचं, थ्रीचं लायसन्स त्यांनी २००६ नंतर बंदच केलं, त्यामुळे आज डब्यावर डेक्सरॉन थ्री लिहिलेलं असतं ते ऑइल बनवणाऱ्याच्या स्वतःच्या भरवशावर, म्हणून तर अनोळखी डबा नको. त्यानंतर आलेलं सिक्स जरा पातळ आहे, जुन्या झिजलेल्या पंपाला मी थ्रीच देईन, पण ते माझं मत.

आणि हे सगळं इनोव्हापुरतं हां. जुन्या ऑक्टाव्हियासारख्या युरोपियन गाड्यांत हिरवं हायड्रॉलिक ऑइल असतं, त्यात लाल मिसळायचं नाही. होंडाच्या हायड्रॉलिक स्टीअरिंगच्या गाड्यांना होंडाचंच पीएसएफ (पॉवर स्टीअरिंग फ्लुइड) लागतं, ह्युंदाईला मॉडेलप्रमाणे पीएसएफ थ्री किंवा फोर. रिझर्व्हॉयरचं झाकण नाहीतर मॅन्युअल वाचा, ते सोडून गॅरेजवाल्याचं, माझं, कोणाचंच ऐकू नका. ब्रेक ऑइल तर चुकूनही नाही, ते ग्लायकॉलचं असतं आणि एटीएफसाठी केलेल्या सीलची वाट लावतं. स्विफ्ट, बलेनो, आय ट्वेंटीवाल्यांनी हा भाग सोडून द्या, तुमचं स्टीअरिंग मोटरवर चालतं, त्यात ऑइलच नाही.

नवा रॅक लावून जुनंच ऑइल परत भरणारे महाभाग आहेत. जुन्या ऑइलमधे गंजाचा आणि रबराचा चुरा असतो, तो सरळ नव्या व्हॉल्व्हमधे जाणार. काकांनी रिटर्न पाइप काढून बाटलीत सोडला, रिझर्व्हॉयरचं तोंड बंद केलं आणि लाल स्वच्छ ऑइल येईपर्यंत नवीन घालत राहिले, म्हणून एक लिटरच्या भरवशावर जाऊ नका, जास्त घेऊन जा. मग हवा काढणं. पुढची चाकं वर, इंजिन बंद, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचं, बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून परत तेच. टोकाला नेऊन दाबून धरायचं नाही, पाच सेकंदही खूप झाले, ऑइल तापतं आणि पंपावर पूर्ण प्रेशर येतं. रिझर्व्हॉयरमधे फेस किंवा दुधासारखं दिसलं तर हवा अजून आत आहे, थांबायचं. इथे शिकाऊ पोराची घाई चालली होती, काकांनी त्याला बाजूला करून स्वतः केलं.

अलाइनमेंटचं मशीन त्यांच्याकडे नाही. टाय रॉडचे आटे मोजून अंदाजे टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कोन, लावून देतात, तेवढ्यावर चार रस्ते चालवता येते पण हायवेला काढू नका, आधी अलाइनमेंट करा नाहीतर नवे टायर एका बाजूने खाल्ले जातील. मी तिथून सरळ अलाइनमेंटलाच गेलो, स्टीअरिंग किंचित वाकडं बसलं होतं ते तिथे सरळ झालं. आता पंपाचा आवाज पूर्ण गेला, रावपुऱ्यात गर्दीत एका हाताने वळते, लेव्हल खुणेवर आहे तिथेच आहे.

बाकी बसायला जागा नाही, पंखा फक्त काकांच्या डोक्यावर, दुपारी जाऊ नका. वॉरंटी व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहून देतात, ती लिहून घ्या आणि त्यावर रॅकचा नंबरही टाकायला सांगा, स्वतःहून टाकत नाहीत. पुराची गाडी असेल तर जाताना तेही सांगा, मग ते दोन्ही बूट उघडून बघतात, आमचा उजवीकडचाही आतून ओला निघाला होता.