ब्लॉगस्पॉटवर स्वतःची ओळख करून देताना: पंधरा वर्षं वापरल्यानंतरचा माझा रिव्ह्यू

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सोसायटीत नवीन राहायला आलेली एक मुलगी आली होती. कुणाकडच्या तुम्ही, मिस्टर कुठे असतात, मुलं कितवीला, सगळ्या चौकश्या झाल्या, मग नाव घ्यायचा आग्रह झाला, तिनं उखाणा छान घेतला, वाण घेऊन गेली. आणि ती स्वतः काय करते ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. चार दिवसांनी तिनंच सोसायटीच्या ग्रुपवर तिच्या ब्लॉगची लिंक टाकली तेव्हा कळलं की ही बाई गोधड्यांवर लिहिते, नुसतं लिहीत नाही तर एकेका टाक्याचा जवळून फोटो काढते, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे धावदोरा किती बारीक आहे ते दिसावं. मी रात्री बारापर्यंत वाचत बसले. पण अख्ख्या ब्लॉगवर तिचं नाव नाही, ती कोण, हे का लिहिते, काहीच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "ताई, ते कुठे लिहायचं असतं तेच सापडलं नाही, आणि लिहायचं तरी काय?"

तिला समजावताना वाटलं की सगळ्यांसाठीच लिहावं. मी 2010 पासून ब्लॉगर वापरतेय, म्हणजे गुगलचं, ज्याचा पत्ता ब्लॉगस्पॉट डॉट कॉम असतो ते. सर्व्हिस जुनी आहे, 1999 साली सुरू झाली, 2003 मध्ये गुगलनं घेतली, आणि अजून फुकट आहे. स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या नावाचा वेगळा पत्ता, घ्यायचा असेल तर त्याचे पैसे वेगळे भरायचे, ते जोडायला ब्लॉगर काही घेत नाही. जाहिराती आपण लावल्याशिवाय येत नाहीत, आणि घरखर्चातून पैसे काढून ब्लॉग चालवायला नको हे आपल्यातल्या अनेकींसाठी फार मोठं आहे म्हणून हे आधी सांगितलं.

ओळखीचं महत्त्व आता का वाढलंय तेही सांगते. आम्ही सुरुवात केली तेव्हा बरहा नाहीतर गमभन ह्या मराठी टायपिंगच्या सोयींवर टाइप करायचो, मराठी ब्लॉग विश्वच्या यादीत नवीन पोस्ट दिसायची, लोक गुगल रीडरमध्ये, म्हणजे आवडत्या ब्लॉग्जच्या नव्या पोस्ट एकाच जागी दिसायच्या तिथे, फॉलो करायचे, त्यामुळे वाचणाऱ्याला आपण कोण ते हळूहळू कळत जायचं. गुगल रीडर 1 जुलै 2013 ला बंद झालं. नवीन पोस्ट आपोआप ईमेलनं जायची ती ब्लॉगरची सोयही 2021 मध्ये काढून टाकली, आणि ही मला खरंच मोठी उणीव वाटते. आता वाचक येतो तो व्हॉट्सॅपच्या लिंकवरून, थेट मधल्याच कुठल्यातरी पोस्टवर. त्याला तुमचं काहीच माहीत नसतं. त्याला तिथल्या तिथे कळलं पाहिजे की हे कोण बोलतंय.

ब्लॉगरमध्ये ह्यासाठी दोन जागा आहेत. एक प्रोफाइल, ज्यातलं 'अबाउट मी' ब्लॉगच्या बाजूच्या पट्टीत दिसतं. ह्याला 1200 कॅरेक्टर्सची मर्यादा आहे आणि मराठीत लिहिताना काना, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे 'मी' हे एक अक्षर नाही, दोन झाली, त्यामुळे वाटतं त्यापेक्षा लवकर संपतं. शिवाय बऱ्याच नवीन थीम्समध्ये, म्हणजे ब्लॉगच्या तयार मांडण्यांमध्ये, मोबाइलवर ती पट्टी वरच्या तीन रेघांच्या मेनूमागे जाते, आणि वाचणारे जवळपास सगळे मोबाइलवर, त्यांना ती दिसतच नाही. दुसरी जागा म्हणजे 'पेजेस'. तिथे एक स्वतंत्र पान करा, मोकळेपणानं हवं तेवढं लिहा, आणि प्रत्येक पोस्टच्या शेवटी एका ओळीत त्याची लिंक द्या. मी दोन्ही वापरते, पण काम होतं ते पेजनंच.

आता एक गोष्ट जी मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकीला माहीत हवी आणि कुणी सांगत नाही. शीर्षक देवनागरीत दिलं की ब्लॉगर पत्त्यातून ती अक्षरं गाळतं आणि लिंक होते नुसती 'ब्लॉग पोस्ट डॉट एचटीएमएल', पुढच्या पोस्टला त्यातच आकडे जोडले जातात. अशी लिंक कुणाला पाठवली तर त्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. पब्लिश करण्याआधी उजवीकडच्या सेटिंगमध्ये पर्मालिंक, म्हणजे त्या पोस्टचा पत्ता, असतं, तिथे कस्टम निवडून रोमनमध्ये दोन तीन शब्द टाका, godhadi-take, एवढं पुरे. पब्लिश झाल्यावर ते बदलता येत नाही, पोस्ट परत ड्राफ्टमध्ये घ्यावी लागते आणि मग आधी वाटलेली लिंक चालत नाही.

खरं नाव द्यावं का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. ब्लॉगरचं मला सगळ्यात आवडतं ते हेच की किती सांगायचं ते आपल्या हातात राहतं. डिस्प्ले नेम काहीही ठेवता येतं, ईमेल दाखवायचा की नाही त्याला वेगळं बटण आहे, प्रोफाइलच लपवता येतं, अख्खा ब्लॉग निवडक लोकांपुरता बंद ठेवता येतो. माझी एक मैत्रीण सासरच्या माणसांना कळू नये म्हणून सहा वर्षं टोपणनावानं लिहीत होती आणि तिचं लिखाण माझ्यापेक्षा कितीतरी धीट होतं. तिला मी कधीच म्हटलं नाही की नाव लाव. फक्त मुलांची शाळा, बिल्डिंगचं नाव, फोन नंबर हे कुणीच टाकू नका, आणि कॉमेंट मॉडरेशन पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, म्हणजे तुम्ही वाचल्याशिवाय कॉमेंट दिसत नाही. बाईनं स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्या की वाकडं बोलणारा एकतरी येतोच आणि त्याला दारातूनच परत पाठवता आलं पाहिजे.

बॅकअपचं मात्र मनावर घ्या. मी आधी दुसऱ्या एका फुकट साइटवर लिहायचे, ती एक दिवस उघडेचना, माझ्या आईच्या आजारपणात लिहिलेल्या सगळ्या नोंदी त्यात होत्या, त्या गेल्या त्या गेल्याच. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये बॅकअप घ्यायची सोय आहे, सगळ्या पोस्ट आणि कॉमेंट्सची एक फाइल उतरवून घेता येते, पण फोटो त्यात येत नाहीत, ते वेगळे जपा. मी दर महिन्याच्या एक तारखेला घेते. ह्या एका सोयीसाठीसुद्धा मी ब्लॉगर सोडणार नाही.

दिसायला म्हणाल तर थीम्स जुनाट आहेत, वर्डप्रेस नक्कीच जास्त देखणं आहे, पण तिथे फुकटच्या ब्लॉगवर त्यांच्या जाहिराती येतात आणि शिकायला वेळ जातो. ज्यांना नुसतं लिहायचंय त्यांनी डोळे झाकून ब्लॉगर घ्या.

तर त्या गोधडीवाल्या मुलीसोबत मी एका दुपारी बसले. तिनं पहिल्यांदा लिहिलं, "मी एक गृहिणी, दोन मुलांची आई, लिखाणाची आवड." मी म्हटलं अगं हे तर हळदीकुंकवालाही कळलं होतं, तुझ्या हातात सुई कुणी दिली ते लिही. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग मोबाइल घेऊन सलग लिहीत गेली, आजीच्या नऊवारीची गोधडी, ती शिवताना आजी दोरा दातानं तोडायची, आजी गेल्यावर ती गोधडी कुणालाच नको होती म्हणून हिनं उचलून आणली. खाली नाव टाकलं, फक्त स्वतःचं, सौ. नाही की काही नाही. पान पब्लिश झालं आणि लिंक तिनं पहिल्यांदा आईला पाठवली. परवा त्याखाली एका आजींची कॉमेंट आलीय, नातीनं टाइप करून दिलेली: आमच्याकडे सुरुवात कडेकडेनं करून मध्यात येतात, माझ्याकडे तीन जुन्या आहेत, फोटो कुठे पाठवू?