छापील दशावतारी गंजिफा: पात्रं फक्कड, अठ्ठी-नव्वी चुकली

सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे गोल पत्त्यांचा जुना खेळ, म्हटली की डोळ्यांसमोर येतात ती हाताने रंगवलेली, लाखेची चकाकी असलेली गोल पानं. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली. पण हातचा संच खेळायला काढायचा धीर होत नाही. तो कपाटात जातो आणि पाहुणे आले की बाहेर येतो. म्हणून सावंतवाडीतल्याच एका चित्रकर्तीने केलेला छापील संच (१२० पानं, व्यास ७० मिमी, किंमत १,६५० रुपये) आम्ही एकाच कसोटीवर तपासला: याने खेळता येतं का?

दहा अवतारांचे दहा रंग (इस्पिक-बदामसारखे गट). प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. खेळायला तिघे, म्हणजे वाट्याला ४० पानं. गोल पानं हातात पसरली की वरचं पान सोडून बाकी सगळ्यांची फक्त चंद्रकोर दिसते, मधलं चित्र झाकलेलंच राहतं. हे ओळखून तिने प्रत्येक पानाच्या काठावर रंगाची छोटी खूण तीन ठिकाणी, सारख्या अंतरावर टाकली आहे. परीघ साधारण २२० मिमी आणि चंद्रकोरीत त्यातला जवळपास अर्धा उघडा राहतो, त्यामुळे पान कसंही फिरलेलं असो, एक तरी खूण दिसतेच. गोल पानाला वर-खाली नसतं, हे विसरून केलेले छापील संच आम्ही पाहिले आहेत. इथे तसं झालेलं नाही.

पात्रांवरची मेहनत संचासोबतच्या पत्रकातल्या कच्च्या रेखाटनांत दिसते. आधी पूर्ण काळ्या छायाकृती, त्याही १५ मिमी उंचीच्या. एवढ्या आकारात वराह आणि नरसिंह वेगळे ओळखू आले तरच पुढे नाक-डोळे. म्हणून वराहाचं मुस्कट बाजूने, लांबट आणि नरसिंहाचं तोंड समोरून, आयाळ चहूकडे पसरलेली. खरी अडचण कल्कीची. सगळे प्रधान घोड्यावर बसलेले, आणि कल्कीचा घोडा तर सोडता येत नाही. मग कल्कीचा राजा आणि कल्कीचा प्रधान यांत गल्लत ठरलेलीच. तिने कल्कीला आसनावर बसवलं आणि मोकळा घोडा मागे उभा केला. दोन्ही पानं शेजारी धरली तरी क्षणभरही अडखळायला होत नाही.

राम-कृष्णाची जोडी त्याहून नाजूक. दिवसा खेळायला बसलं तर उतारी रामाच्या राजाची, रात्री कृष्णाच्या राजाची. म्हणजे पहिल्याच हाताला ज्यांच्यात चूक चालत नाही ती दोन्ही पात्रं निळी! इथे रामाची जमीन (चित्रामागचा रंग) पिवळी आणि धनुष्याची कमान काठापर्यंत गेलेली. कृष्णाची जमीन गडद हिरवी, त्रिभंगात उभा. दिव्याच्या पिवळ्या उजेडातही फरक टिकतो.

आणि चिन्हं! मत्स्याच्या रंगातला मासा चक्क बांगडा आहे, पाठीवरच्या लांबट गडद रेघांसकट. कूर्माचं कवच वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडलेचं. कृष्णाची गाय कोकण कपिला: ठेंगणी, आटोपशीर. प्रत्येक चिन्ह तीन वेळा वेगवेगळं काढून आलटून-पालटून वापरलंय, त्यामुळे दश्शीतले दहा बांगडे एकाच ठशाचे वाटत नाहीत. बाजारातल्या ताज्या वाट्यासारखे दिसतात.

चूक झाली आहे ती मोजणीत. पानांवर अंक नाहीत, नजरेने मोजायचं. सत्ती म्हणजे मध्ये एक, भोवती सहा. हे डोळ्याला पटकन कळतं. पण अठ्ठी एक आणि सात, नव्वी एक आणि आठ अशी मांडली आहे. कड्यातले सात आणि आठ झटकन वेगळे दिसत नाहीत, बोट ठेवून मोजावे लागतात. अठ्ठी तीन-दोन-तीन आणि नव्वी तीन-तीन-तीन अशी रांगेत लावली असती तर प्रश्न मिटला असता. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा असा उलटसुलट क्रम असताना आकडा चुकणं फार महागात जातं. शिवाय दश्शीत गाय ९ मिमीची होते आणि पाय एकमेकांत मिसळतात. तिथे गायीचं नुसतं तोंड पुरलं असतं.

छपाई मन लावून केली आहे. १८ × २५ इंची कागदावर आठ-आठच्या पाच ओळी, म्हणजे ४० पानं. तीन कागदांत संच पुरा.    पाठीचं चित्र सगळ्यांना एकच, म्हणून तिन्ही कागदांची पाठ एकाच प्लेटवर सलग छापून घेतली आहे. वेगवेगळ्या दिवशी छापली तर शाईची छटा थोडी हलते आणि ४० पानं पाठीवरूनच ओळखू येतात. बारीक रेघा फक्त काळ्या शाईत आहेत, चार रंगांच्या मिश्रणात नाहीत, त्यामुळे कडा स्वच्छ. काठाची सोनेरी-पिवळी पट्टी मात्र २ मिमीचीच ठेवायला नको होती. डाय (पानं कापायचा साचा) अर्धा मिमी सरकली की एका बाजूला दीड आणि दुसऱ्या बाजूला अडीच मिमी दिसते. आमच्या संचात अशी अकरा पानं निघाली. पट्टी ४ मिमीची तरी हवी, नाहीतर नकोच.

कागद ३५० जीएसएम (दर चौरस मीटरला ३५० ग्रॅम), दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन. एकाच बाजूला केलं असतं तर आपल्याकडच्या जुलैच्या हवेत उघडी बाजू फुगून पानं वाटीसारखी वळली असती. कापलेली कड तरीही उघडीच राहते आणि दमट हवा तिथूनच शिरते. डबा लाकडी, सरकत्या झाकणाचा, दिसायला देखणा. पण पावसात लाकूड फुगतं आणि झाकण अडकतं. पानं आधी झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा, मग डब्यात. जादा पान एकही नाही, तेव्हा लहान मुलांसोबत खेळून झालं की १२० मोजूनच डबा बंद करा.

घेताना दुकानातच दोन गोष्टी बघून घ्या. पानांची चळत टेबलावर उभी करा, ती साधारण पाच सेंमीची भरते; मधे फट दिसली तर आत वळलेली पानं आहेत. मग दहा-बारा पानं उलटी मांडून उजेडात धरा आणि पाठीची छटा जुळते का पाहा.