ग्रेड घसरली, ऑफर हातात: कॉलेजला आधी कळवायचं की ट्रान्सक्रिप्ट जाऊ द्यायची?

मार्चच्या शेवटी अमेरिकेतल्या कॉलेजची ऑफर येते. घरात पेढे येतात, पुण्याला आजी-आजोबांना फोन जातो, १ मेच्या आत डिपॉझिट भरलं जातं. आणि मेच्या मध्यावर एका रात्री मुलगी ताटातली भाजी चिवडत सांगते, “आई, कॅल्क्युलसमध्ये बहुतेक डी येतोय.”

न्यू जर्सी आणि बे एरियातल्या ओळखीच्या घरांतून मला दर उन्हाळ्यात असे दोन-तीन फोन येतात. आमच्याकडे हे घडून गेलंय आणि आम्ही ते लपवलेलं नाही, म्हणून येतात. माझ्या भाच्याची ऑफर सीनियर इयरच्या, म्हणजे बारावीच्या, शेवटच्या सेमिस्टरमधल्या फिजिक्सच्या डीपायी गेली. फोनवर प्रश्न एकच असतो: आपणहून कळवावं, की गप्प राहून वाट पाहावी?

त्याआधी ग्रेड नेमकी कोणती आहे ते बघा. सगळ्या ए असलेल्या मुलाला एक-दोन बी आल्या, तर हा प्रश्नच उद्भवत नाही. पत्र लिहू नका, मुलालाही धारेवर धरू नका. डी (जेमतेम काठावरची ग्रेड) किंवा एफ (नापास) आला असेल, कॉलेजला न सांगता एखादा विषय सोडला असेल, किंवा नेहमी ए-बी असणाऱ्याला एकदम तीन सी आल्या असतील, तर मात्र खाली वाचा.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलाने सही कशावर केली आहे ती. इथे कॉलेजांचे सरळ दोन गट पडतात. यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या सरकारी विद्यापीठाच्या कॅम्पसच्या अटी पोर्टलवर लिहिलेल्या असतात: सीनियर इयरला जीपीए (ग्रेडची सरासरी) साधारण ३.० च्या खाली जाऊ नये, अर्जात लिहिलेले विषय सगळे पूर्ण व्हावेत, त्यांत डी किंवा एफ नसावा, आणि यातलं काही बदललं तर विद्यार्थ्याने स्वतः कॅम्पसला कळवावं. म्हणजे यूसीच्या मुलांना कळवायचं की नाही हा पर्यायच नाही. कळवणं हीच अट आहे आणि मुलाने ती मान्य केलेली आहे. बहुतेक पालकांनी ते पान उघडलेलंच नसतं. आम्हीही आमच्या कॉलेजचं उघडलं नव्हतं.

कॉमन अ‍ॅपवरून अर्ज केलेल्या खासगी कॉलेजांची भाषा वेगळी असते (कॉमन अ‍ॅप म्हणजे अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवायची सोय). तिथे विद्यार्थी मान्य करतो की ऑफर सशर्त आहे, आणि ज्या दर्जाच्या अभ्यासावर ती मिळाली त्याच तोडीचा अभ्यास शेवटच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकात, दिसला पाहिजे. आकडा बहुधा नसतो. अनेकांना ही सूट वाटते. मला तो धोकाही वाटतो आणि संधीही: एका डीला किती वजन द्यायचं हे तिथे एक माणूस फाइल वाचून ठरवतो. त्या फाइलमध्ये फक्त ग्रेड असावी की ग्रेडच्या शेजारी मुलाचं पत्रही असावं, एवढंच आपल्या हातात उरतं.

गप्प राहण्याच्या बाजूने

या बाजूलाही खरा मुद्दा आहे. मेच्या मध्यावर ग्रेड पक्की झालेली नसते. फायनल परीक्षा बाकी असते, एखादा शिक्षक राहिलेलं काम घेतो, डीचा सी होतो. होऊ घातलेल्या डीबद्दल आधीच पत्र पाठवलं आणि शेवटी सी आला, तर आपण उगाच स्वतःकडे बोट दाखवलं असं होतं. म्हणून फायनल होईपर्यंत थांबणं मला पटतं. त्या दोन-तीन आठवड्यांत पत्रापेक्षा अभ्यासाला बसलेलं बरं.

पण लोक थांबतात ते यासाठी नव्हे. “कोण बघतंय शेवटचं सेमिस्टर” या आशेवर थांबतात. ही आशा पोकळ आहे. फायनल ट्रान्सक्रिप्ट घरातून जात नाही, शाळा पाठवते, सोबत शाळेतल्या काउन्सेलरचा (प्रवेशासाठी मार्गदर्शन करणाऱ्याचा) फायनल रिपोर्ट असतो. यूसीकडे ती १ जुलैपर्यंत पोचावी लागते. ती वाचली जाते.

किती कडकपणे वाचली जाईल, हे मात्र तुमच्या मुलावर अवलंबून नसतं. २०१७ च्या उन्हाळ्यात यूसी अर्व्हाइनने पहिल्या वर्षाला सुमारे ६,२५० मुलं धरली होती आणि ऑफर स्वीकारली सुमारे ७,१०० जणांनी. त्यानंतर कॅम्पस सुरू व्हायला दोन महिने उरले असताना ४९९ ऑफर काढून घेतल्या गेल्या. त्यांतल्या २९० ट्रान्सक्रिप्ट वेळेत किंवा नीट न पोचल्याच्या कारणाने होत्या, बाकीच्यांत मुख्यतः घसरलेल्या ग्रेड होत्या. गदारोळ झाला, चान्सेलरनी माफी मागितली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला बहुतेकांना परत घेतलं. ज्यांच्या ट्रान्सक्रिप्टवरून अटी पाळल्या नाहीत हे स्पष्ट दिसत होतं, त्यांना मात्र त्या सरसकट निर्णयाचा फायदा नव्हता. हाच डी एखाद्या वर्षी इशाऱ्याच्या पत्रावर निभावतो आणि एखाद्या वर्षी जागा घेऊन जातो. गप्प राहणारा यावर पैज लावत असतो.

कळवण्याच्या बाजूने

खरा फायदा वेळेचा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात वाईट उत्तर आलं तरी हातात काहीतरी असतं. जागा शिल्लक असलेल्या कॉलेजांची यादी नॅकॅक (NACAC) ही काउन्सेलरांची संघटना दर मेमध्ये जाहीर करते, आणि त्यांतली बरीच कॉलेजं उन्हाळाभर अर्ज घेतात. तेच उत्तर ऑगस्टमध्ये आलं की चादरी-उशा घेऊन झालेल्या असतात, रूममेट ठरलेली असते, आणि मुलाला कुठे जायचंय हेच उरत नाही.

दुसरा फायदा असा की कळवल्यावर कॉलेजकडे ‘ठेवायचं’ आणि ‘काढायचं’ यांच्या मधले पर्याय उरतात: उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या, स्वस्त सरकारी कॉलेजात) तोच विषय पुन्हा कर, पहिलं सेमिस्टर प्रोबेशनवर (देखरेखीखाली) राहा, जानेवारीत ये. मेरिट स्कॉलरशिप मात्र कमी होऊ शकते, तिची अट वेगळी वाचावी लागते.

तोटाही आहे, तो झाकत नाही. कळवल्यामुळे निर्णय लवकर होतो आणि तो विरुद्धही जाऊ शकतो. पण पक्का झालेला डी लपत नाही, त्यामुळे इथे गमावण्यासारखं फारसं नसतं.

पत्र मुलाने लिहावं, आईबाबांनी नाही. पानभर नको. कोणत्या विषयात काय ग्रेड आली, का आली, आता काय करतोय. घरात आजारपण होतं, मुलाला स्वतःला नैराश्य होतं, तर ते लिहावं आणि काउन्सेलरकडून दुजोरा जोडावा. कारण काहीच नसेल, नुसती ढिलाई झाली असेल, तर तेही लिहावं. शिक्षकांना दोष देणारी पत्रं मी दोन पाहिली आहेत, दोन्ही पाठवू दिली नाहीत. उन्हाळी कोर्सला नाव आधी नोंदवावं, मग पत्र पाठवावं. “करेन” आणि “१० जूनपासून करतोय” यांत फार फरक पडतो.

तेव्हा माझा कौल असा: ग्रेड पक्की होईपर्यंत थांबा, पक्की झाली की त्याच आठवड्यात, शाळेची ट्रान्सक्रिप्ट पोचायच्या आत, कळवा.

फेब्रुवारीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो: एपी विषय (शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय) झेपत नाही, सोडू का? सोडलेला विषय हा अर्जातला बदल आहे, त्यामुळे कॉलेजला विचारूनच सोडावा. विचारलं तर बऱ्याचदा हो म्हणतात, विशेषतः त्याच विषयाच्या सोप्या वर्गात जायचं असेल तर. न विचारता सोडणं हे डीपेक्षाही वाईट दिसतं.

अर्ली डिसिजनवाल्यांनी, म्हणजे एकाच कॉलेजला आधी अर्ज करून होकार आला तर तिथेच जाण्याचं बंधन घेतलेल्यांनी, जास्त सांभाळावं. डिसेंबरच्या मध्यावर होकार येतो आणि नियमाप्रमाणे बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यावे लागतात. ऑफर गेली तर खाली जाळी नाही, आणि ढिलाई करायला सर्वांत जास्त महिने यांनाच मिळतात.

मुंबई-पुण्याहून जाणाऱ्या मुलांसाठी बारावीची मार्कशीट हीच फायनल ट्रान्सक्रिप्ट. अर्जात शाळेने दिलेले अंदाजी मार्क ९२ आणि बोर्डाचे ७४ आले, तर निकालाच्या दिवशीच कॉलेजला लिहावं, व्हिसा मुलाखतीची वाट पाहू नये. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रमाणपत्र) प्रवेशावर उभं असतं. प्रवेश गेला की ते गेलं, आणि मग व्हिसालाही अर्थ राहत नाही. ज्यांच्या हातात ब्रिटनचीही ऑफर आहे, त्यांच्यासाठी तुलना सोपी आहे: तिथे ग्रेड किंवा टक्के ऑफरमध्येच लिहून येतात, आणि फर्मच्या (पहिल्या पसंतीच्या) जोडीला कमी मार्कांची इन्शुरन्स (राखीव) जागा धरून ठेवता येते. बोर्डाच्या मार्कांची धास्ती असलेल्या मुलाला मी ब्रिटनची चौकट अधिक सोसणारी म्हणेन.

आणि ऑफर गेलीच तर? अपील करा, पण नवी माहिती असेल तरच. “आम्हाला फार वाईट वाटतंय” हे अपील होत नाही. त्यानंतर गॅप इयर की कम्युनिटी कॉलेज, यात मी कम्युनिटी कॉलेज म्हणते. आपल्या लोकांना त्या नावाची लाज वाटते, ती सोडावी. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना तिथे एका युनिटला ४६ डॉलर पडतात, आणि ट्रान्सफरच्या हमीचा करार डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा यूसी कॅम्पसशी करता येतो. गॅप इयरमध्ये पुन्हा अर्ज करताना तीच ट्रान्सक्रिप्ट पुन्हा जाते. डी पुसला जात नाही, त्याच्यापुढे नवीन काही लिहिलं जात नाही.

आमचा भाचा काउंटी कॉलेजात, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातच, दोन वर्षं शिकला आणि मग चार वर्षांच्या कॉलेजात गेला. त्याची ऑफर तशी वाचलीही असती. कॉलेजने जुलैमध्ये त्याला ईमेल केला होता: ग्रेड का घसरल्या ते दहा दिवसांत लिहून कळवा. तो आला कॉलेजने दिलेल्या नव्या पत्त्यावर, आणि भाचा बघत होता जुना. माझ्या बहिणीला तो ईमेल सापडला तेव्हा मुदत संपून आठ दिवस झाले होते. तुमच्या मुलाला असा नवा पत्ता मिळाला असेल, तर तो आज रात्री उघडायला सांगा आणि ऑगस्टपर्यंत रोज बघायला सांगा.