नवा पीसी चालू होत नाही: घरी खोलायचा की दुकानात न्यायचा?

पीसी जोडून झाला. बटण दाबलं, पंखे फिरले, रंगीत लाइट लागले आणि मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. आता पुढे दोन वाटा. स्क्रू ड्रायव्हर घेऊन परत खोलायला बसायचं, नाहीतर सकाळी कॅबिनेट उचलून दुकान गाठायचं. घरचे आणि नात्यातले मिळून मी आतापर्यंत पाच पीसी जोडले. त्यातल्या दोघांनी पहिल्या दिवशी डिस्प्ले दिला नाही. एकाचं घरीच निभावलं, दुसरा दोनदा दुकानात नेला. त्या अनुभवावरून हे लिहितोय. तुमचं मशीन वेगळं, तुमच्या गावातलं दुकान वेगळं, तेव्हा माझा कल दिसला तरी निर्णय तुमच्या हातातला वेळ बघूनच घ्या.

दोन्ही वाटांच्या आधी एक काम करा. थांबा. डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचा मदरबोर्ड पहिल्यांदा चालू होताना मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी आपलं वेळापत्रक स्वतः जुळवून घेतो. तेवढा वेळ पडदा काळा राहतो, बोर्डावरचा ‘डीरॅम’ म्हणजे रॅमचा लाइट पेटलेला असतो, मधेच मशीन आपोआप रीस्टार्टही होतं. एएमडीच्या प्रोसेसरचे एएम५ सॉकेटवाले बोर्ड २०२२ साली नवे आले तेव्हाच्या बायोसवर (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरवर) यात कित्येक मिनिटं जायची. माझ्या भावोजींचा पीसी आम्ही दोघांनी असाच तासभर छळला. चाळीस-पन्नास सेकंद वाट बघायची, काही दिसत नाही म्हणून बटण दाबून बंद करायचा, रॅम काढून परत बसवायची, पुन्हा चालू. दर वेळी ट्रेनिंग पहिल्यापासून. शेवटी ताईने जेवायला हाक मारली, म्हणून तो तसाच चालू ठेवून उठलो. हात धुऊन परत आलो तर बायोसचं पान समोर उघडं. बायोसची बॅटरी काढून सेटिंग पुसलीत तरी हे ट्रेनिंग पुन्हा होतं, तेव्हा तोही उपाय केल्यावर दहा-पंधरा मिनिटं बटणाला हात लावू नका.

बायोस दिसतोय पण विंडोज सापडत नाही, असं असेल तर तो प्रश्न सोपा आहे आणि त्यासाठी दुकानात जाण्याचं काहीच कारण नाही. इथे बोलायचंय ते मुळात डिस्प्लेच येत नाही त्याबद्दल.

घरी शोधायचं ठरवलंत तर इथे जरा हलव, तिथे जरा दाब असं करू नका. त्यात रात्र जाते आणि नक्की कशाने काय झालं ते कळत नाही. मी सगळं बाहेर काढतो. बोर्ड ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर बोर्ड ठेवायचा. त्यावर प्रोसेसर आणि कूलर, रॅमची एकच पट्टी, आणि जोडीला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच ग्राफिक्स कार्ड. इंटेलच्या नंबरामागे एफ असेल, किंवा रायझन ५ ५६००, ७५००एफ असे असतील, तर बोर्डाच्या एचडीएमआयमधून चित्र कधीच येणार नाही, केबल कार्डालाच हवी. बाकी एसएसडी, जादा पंखे, पुढचे यूएसबी सगळं बाजूला. मग पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडायच्या. कॅबिनेटचं बटण, त्याची बारीक वायर, चुकीच्या जागी राहिलेला आणि बोर्डाच्या पाठीला टेकणारा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसवतात तो खुंट), हे सगळे संशयित एका झटक्यात बाद होतात.

पुठ्ठ्यावर डिस्प्ले आला तर भाग चांगले आहेत, दोष कॅबिनेटमध्ये किंवा जोडणीत. नाही आला तर बोर्डावरचे चार छोटे लाइट बघा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (डिस्क). जो पेटून राहतो तिथे गाडी अडलीय. स्वस्तातल्या काही बोर्डांवर हे लाइट नसतात. मग चार पिनांचा छोटा स्पीकर लावून बीप मोजायच्या. त्यांचा अर्थ कंपनीनुसार बदलतो, म्हणून बोर्डाचं मॅन्युअल उघडूनच बघावा.

माझ्या पाहण्यात सीपीयू लाइट अडकण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला आठ पिनांचा जोड राहून जाणं. चोवीस पिनांचा मोठा जोड बसला, पंखे फिरले, की वीज पोचली असं वाटतं. प्रोसेसरची वीज मात्र त्या कोपऱ्यातूनच येते. तिथे चार अधिक चार असा फुटणारा जोड लागतो, सहा अधिक दोनवाला कार्डासाठी असतो. डीरॅम लाइटवर अडलं तर पट्टी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत, म्हणजे बहुतेक बोर्डांवर ए२मध्ये, आहे ना ते बघा. आणि ती पूर्ण बसलीय का ते डोळ्यांनी ठरवू नका. बऱ्याच बोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो. तो कट् वाजला की हात आपोआप थांबतो आणि दुसरं टोक केसभर वर राहतं. ते दिसत नाही, पण अंगठा फिरवला की लागतं.

आता दुकान. दुकानाची ताकद एकच आहे, पण मोठी आहे. तिथल्या टेबलावर चालू एसएमपीएस पडलेला असतो, चालू रॅम असते, जुनं का होईना एक कार्ड असतं. आपल्या घरी प्रत्येक वस्तू एकेकच, त्यामुळे बोर्ड गेलाय की प्रोसेसर हे शेवटपर्यंत छातीठोकपणे सांगता येत नाही. तिथे अदलाबदल करून पंधरा मिनिटांत सांगतात. सगळं सामान एकाच दुकानातून घेतलं असेल तर डेड पीस बदलून देण्याची जबाबदारीही त्यांचीच. पाच ठिकाणांहून ऑनलाइन मागवलं असेल तर मात्र हा फायदा उरत नाही. चेकिंगचे पैसे द्यायचे, निदान ऐकायचं आणि बदलीसाठी स्वतःच पत्रव्यवहार करायचा.

बायोस जुना असण्याचा प्रकारही दुकानाकडे झुकतो. इंटेलच्या ६०० मालिकेचे बोर्ड बाराव्या पिढीबरोबर आले. त्यातला दुकानात पडून राहिलेला बोर्ड आणि तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर अशी जोडी जमली की बायोस अपडेट केल्याशिवाय डिस्प्ले येत नाही. बोर्डाला मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल टाकून, ठरलेल्या यूएसबी पोर्टात लावून, प्रोसेसरशिवायही हे घरी होतं. बटण नसेल तर ज्याच्याकडे जुना प्रोसेसर आहे त्याच्याकडे जाण्यावाचून इलाज नाही.

पैशांचं म्हणाल तर फरक पडण्याइतकी रक्कम नसते. वेळ मात्र मोजायला हवा.

माझं पारडं झुकलं ते माझ्या स्वतःच्या पीसीमुळे. रायझन ५ ७५००एफ, वर तीन पंख्यांचं जड कार्ड. जोडला, टेबलाखाली उभा केला, डिस्प्ले नाही. ट्रेनिंगचा धडा भावोजींकडे शिकलो होतो, म्हणून अर्धा तास तसाच ठेवला. नाहीच. रात्री पुन्हा सगळं उपसायचा कंटाळा आला आणि दुकानातली माणसं रोज हेच करतात असा विचार करून शनिवारी निघालो. रविवारी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडची बहुतेक कॉम्प्युटरची दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारच हातात. डोंबिवलीहून कॅबिनेट चादरीत गुंडाळून लगेजच्या डब्यात, दादरला जिना चढून पश्चिम रेल्वे, मग ग्रँट रोड. कॅबिनेटची बाजूची काच फुटू नये म्हणून सगळा वेळ ते पायांमध्ये धरून उभा होतो.

दुकानातल्या मुलाने कॅबिनेट काउंटरवर आडवं ठेवलं, काच काढली, केबल लावली, बटण दाबलं. डिस्प्ले आला. “इथे तर चालतोय, काका.” त्याने रॅम आणि कार्ड काढून परत बसवलं, पाच-सहा वेळा चालू-बंद करून दाखवलं, पाचशे रुपये घेतले. घरी आणून टेबलाखाली ठेवला. डिस्प्ले नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा तीच वारी. या वेळी त्यांनी ठेवून घेतला. मंगळवारी फोन आला, “दोन दिवस चालवला, काही प्रॉब्लेम नाही, घेऊन जा.” अर्धी रजा टाकून आणला. घरी डिस्प्ले नाही. दुसऱ्यांदा त्यांनी पैसे घेतले नाहीत, हेही सांगायला हवं. पण त्या दोन आठवड्यांत मी घराचं अर्थिंग तपासून घेतलं, नवी केबल आणली, शेजारच्या जोशीकाकांचा मॉनिटर उचलून आणला. चालणाऱ्या वस्तूवर संशय घेत फिरणं फार थकवून टाकतं. कुणाला सांगायला जावं तर ‘दुकानात चालतोय ना?’ हाच प्रश्न येतो आणि त्यावर बोलायला काही उरत नाही.

शेवटी रविवारी जमिनीवर चादर अंथरून बसलो. पुठ्ठ्यावर सगळं मांडलं, डिस्प्ले आला. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला, कॅबिनेट आडवंच होतं, डिस्प्ले आला. बंद केला, कॅबिनेट उभं केलं, बटण दाबलं. नाही. व्हीजीएचा लाइट पेटलेला. बंद करून परत आडवं केलं, आला. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तसंच. मग मोबाइलचा टॉर्च लावून कार्ड आणि बोर्ड यांच्या फटीत बघितलं. कॅबिनेट उभं असताना कार्डाचं मोकळं टोक खाली झुकत होतं आणि त्याची सोनेरी संपर्कपट्टी मागच्या बाजूला स्लॉटमधून किंचित वर उचलली जात होती. आडवं केलं की कार्ड ताठ उभं राहायचं आणि त्याचं सगळं वजन सरळ स्लॉटमध्ये उतरायचं. दुकानाच्या काउंटरवर ते प्रत्येक वेळी आडवंच होतं.

मूळ कारण त्याहून साधं निघालं. बोर्डाचे स्क्रू मी एकेक करून पूर्ण आवळले होते, त्यामुळे बोर्ड मिलिमीटरभर आत सरकलेला राहिला होता आणि कार्डाची मागची पट्टी कॅबिनेटला नीट भिडत नव्हती. सगळे स्क्रू सैल केले, बोर्ड मागे सरकवला, मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करत आवळले. कार्डाच्या मोकळ्या टोकाखाली सागाचा एक ठोकळा मापाने कापून घेतला. तेव्हापासून एकदाही तक्रार नाही.

दुकानातल्या मुलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याने भाग तपासले आणि भाग खरंच चांगले होते. पण नव्या जोडलेल्या पीसीत भाग चांगले असून जोडणीत चूक असणं हे मला तरी जास्त वेळा दिसलंय, आणि ही चूक मशीन ज्या जागी, ज्या पद्धतीने, ज्या केबलवर वापरायचं तिथेच सापडते. दुकानाची प्रत्येक फेरी म्हणजे एक शनिवार, घरी तोच प्रयोग दहा मिनिटांत पुन्हा करता येतो. म्हणून मला विचाराल तर आधी एक रविवार घरी द्यावा. तुमच्या इमारतीखालीच विश्वासाचं दुकान असेल, किंवा सामान बदलून घेण्याची मुदत उद्या संपत असेल, तर तुमचा हिशोब वेगळा असू शकतो.

घरी खोलताना दोन बाबतींत मात्र हात आखडता घ्या. एसएमपीएसचं झाकण कधीही उघडायचं नाही, वीज काढल्यावरही आत चार्ज राहतो. आणि प्रोसेसर विनाकारण काढू नका. एएम५ आणि इंटेलच्या आताच्या बोर्डांवर पिना सॉकेटमध्ये असतात, एएम५वर तब्बल १,७१८. त्यातली एक वाकली तरी वॉरंटीवर वाद सुरू होतो. प्रोसेसर बसवण्याआधी सॉकेटचा फोटो काढा आणि त्यावरचं काळं प्लास्टिकचं झाकण फेकू नका, बोर्ड परत घेताना तेच आधी मागतात. एएम४वर पिना प्रोसेसरला असतात. तिथे कूलर सरळ वर ओढला तर मधल्या चिकटलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून वर येतो, म्हणून कूलर हलके डावी-उजवीकडे फिरवून सैल करायचा.

पुठ्ठ्यावर, एका पट्टीवर, दोन्ही पट्ट्या आलटून-पालटून बघूनही तोच लाइट पेटत असेल, जळका वास आला असेल, किंवा पिन वाकलेली दिसली, तर मग वेळ न घालवता दुकानात जा. जाताना बिल, बोर्डाचं खोकं आणि घरी वापरता ती मॉनिटरची केबल बरोबर घ्या. प्रवासात जड कार्ड स्लॉटमध्ये ठेवू नका, काढून त्याच्या खोक्यात न्या. कोणता लाइट पेटून राहतो त्याचा व्हिडिओ मोबाइलवर असू द्या. आणि तिथे डिस्प्ले आला तर लगेच पैसे देऊन निघू नका. काच लावायला सांगा, कॅबिनेट उभं करायला सांगा, आणि तुमच्यासमोर पुन्हा बटण दाबायला सांगा.