बर्फ टिकवणारी पेटी आणि टिकायला हवा असलेला मासा

गेल्या ऑक्टोबरात क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानातून मी २५ लिटरची शीतपेटी २,९०० रुपयांना घेतली आणि मेअखेरपर्यंत, म्हणजे संपूर्ण मोसमभर, ती वापरली. मढहून निघणाऱ्या मित्राच्या होडीतून महिन्यातून दोन-तीन रविवार आम्ही गळ टाकायला जातो. पहाटे पाण्याबाहेर आलेला मासा गिरगावातल्या घरी मोरीत साफ व्हायला दुपारचे दोन वाजतात, त्यामुळे मधले सात-आठ तास तो खाण्याजोगा राहावा एवढीच माझी या पेटीकडून अपेक्षा होती. आतापर्यंत हे काम थर्माकोलच्या पेटीवर भागत होते, पण तिचे कोपरे तुटायचे, दाणे माशाच्या कल्ल्यांत अडकायचे आणि एकदा मुरलेला वास काही केल्या जात नसे.

पेटीच्या झाकणावर ‘४८ तास बर्फ टिकेल’ असा मोठा स्टिकर आहे. घरी आणल्यावर पाच किलो बर्फ भरून मी ती बाल्कनीत बंद ठेवली, तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी तळाशी नारळाएवढा गोळा शिल्लक होता. दाव्यात खोट नाही; मात्र माझ्या माशांशी त्याचा संबंध फारसा नाही, हे पुढे अनुभवाने कळले. बर्फ थंडावा देतो तो वितळताना. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो, आणि तिशीच्या आसपास तापमान असलेला पाच किलो मासा शून्याजवळ आणायला दीड ते पावणेदोन किलो बर्फाचे पाणी व्हावेच लागते. तेव्हा घरी पोहोचल्यावर बर्फ जसाच्या तसा दिसला, तर पेटीचे कौतुक करण्याआधी मासा खरोखर गार झाला आहे का, हे हात लावून पाहावे.

पहिल्याच फेरीत माझी नेमकी तीच चूक झाली. होडीवर जाण्याआधी घेतलेले बर्फाच्या लादीचे दोन मोठे तुकडे तळाशी ठेवले, त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले बांगडे ठेवले आणि झाकण लावून निर्धास्त झालो. घरी स्वयंपाकाचा थर्मामीटर खुपसून पाहिले, तर तळाच्या बांगड्याच्या पाठीत ३ अंश होते आणि सर्वांत वरच्याच्या पाठीत १४. साफ करताना फरक डोळ्यांना दिसला. तळाच्या माशाचे कल्ले लालभडक आणि पोट टणक होते. वरच्याचे पोट बोटाने दाबताच खड्डा पडला, आणि चिरल्यावर बरगड्यांचे काटे मांसापासून आपोआप सुटून आले. वास मात्र दोघांचाही ठीकच होता.

वरचे चार बांगडे मी टाकून दिले, आणि घरात त्यावरून दोन दिवस बोलणी खाल्ली. माझे कारण असे होते की बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते आणि मासा उबदार राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामीन हे बाधणारे रसायन करतात. ते एकदा तयार झाले की कडकडीत तळूनही जात नाही, कोकम-आल्याने जात नाही आणि गोठवूनही जात नाही. खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर पित्त उठते, आणि आपण ‘मासा बाधला’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात पुष्कळदा तो उन्हात पडून राहिलेला असतो.

दुसऱ्या फेरीनंतर अंधेरीहून लगेज डब्यातून येताना पेटीच्या निचऱ्याच्या बुचातून पाणी गळू लागले आणि शेजारच्या पाटीखाली गेले. पाटीवाल्या कोळीण मावशींनी आधी मला झापले, मग झाकण उघडायला लावले आणि आतली मांडणी पाहून म्हणाल्या, “दादा, ह्यो लादा कापरात गुंडालून फोड. खाली बरफ, मंग म्हावरा, परत बरफ. पिशवी कशाला बांधलीस?” तेव्हापासून मी लादी गोणपाटात गुंडाळून दगडाने बारीक फोडतो, थरावर थर लावतो आणि सर्वांत वरचा थर बर्फाचाच ठेवतो. प्रमाण वजनाला वजन, म्हणजे किलोभर माशाला किलोभर बर्फ. या हिशेबाने पेटीत आठ किलो मासा मावतो, त्याहून अधिक नाही. दुकानदार सांगतो ते ‘पंधरा किलो’ बर्फाशिवायचे आहेत.

मासा पकडल्याबरोबर तो थेट थरांत न ठेवता आधी अर्धा तास बर्फाच्या खारट पाण्यात बुडवला, तर फार झपाट्याने गार होतो, कारण नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवेच्या फटी राहतात आणि पाणी सगळीकडून भिडते. त्यासाठी घरून नळाचे पाणी न्यावे आणि लिटरला ३०-३५ ग्रॅम मीठ घालावे. किनाऱ्यालगतचे समुद्राचे पाणी मुळीच वापरू नये; मुंबईच्या नाल्यांचे तोंड कुठे उघडते हे येथील वाचकांना सांगायला नको. तांब किंवा जिताडा असा मोठा मासा मिळाला, तर कल्ल्याखाली चीर देऊन रक्त वाहू द्यावे आणि जमल्यास आतडी तेथेच काढावीत. बांगड्यासारखा लहान मासा अख्खाच ठेवलेला बरा, कारण होडीवरच्या घाईत अर्धवट चिरलेल्या पोटातून घाण मांसावर पसरते.

बर्फाविषयीही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याची सक्ती २०१८ पासून आहे, म्हणून निळसर लादी माशाला लावण्यासाठी घेऊ नये, ती स्वस्त मिळाली तरीही.

आता पेटीविषयी. भिंतींमधला फोम उत्तम आहे. एप्रिलच्या उन्हात गोणपाट टाकून ठेवलेली पेटी दुपारपर्यंत वरच्या थराला ४ अंशांवर राखते. झाकणाचे रबर नीट बसते. निचऱ्याचे बूच मात्र निकृष्ट आहे. वितळलेले रक्ताळ पाणी तळाला साचू न देता अधूनमधून सोडावेच लागते, आणि नेमकी त्याची रबरी चकती तिसऱ्या महिन्यात फुगली. सुटा भाग मिळत नाही, असे दुकानदाराने सांगितले. शेवटी नळाच्या सामानाच्या दुकानातली १५ रुपयांची चकती बसली. झाकणाच्या खोबणीत खवले अडकतात आणि जुन्या दातांच्या ब्रशशिवाय निघत नाहीत. खांद्याचा पट्टा आठ किलो मासा, तितकाच बर्फ आणि पेटीचे स्वतःचे वजन पेलण्यासाठी बनवलेलाच नाही. मी तो काढून जाड नायलॉनचा दोर बांधला आहे.

याच कंपनीची ४० लिटरची पेटी हजार रुपयांनी महाग आहे. स्वतःची गाडी असेल तर ती घ्यावी. लोकलने येणाऱ्याने २५ लिटरचीच घ्यावी आणि दुकानातून निघण्याआधी तिच्यात बादलीभर पाणी ओतून, बूच लावून, दहा मिनिटे काउंटरवर ठेवायला सांगावे.