गूगलचा तांत्रिक लेखनाचा मोफत अभ्यासक्रम: शेतीची माहितीपत्रके लिहिणाऱ्यांसाठी कितपत उपयोगी?

गूगलने 2020 साली सर्वांसाठी खुला केलेला हा अभ्यासक्रम मुळात सॉफ्टवेअर अभियंत्यांसाठी आहे. तरीही यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीत फवारणी, बीजप्रक्रिया आणि ठिबक संचाच्या देखभालीची माहितीपत्रके लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्याने मी तो पूर्ण केला, आणि असे काम करणाऱ्या प्रत्येकाने निदान पहिला भाग तरी वाचावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचकाविषयीचा धडा हा त्याचा गाभा आहे. एखादे काम करण्यासाठी वाचकाला लागणाऱ्या ज्ञानातून व कौशल्यातून त्याच्यापाशी आधीच असलेले वजा करावे आणि उरेल ते लिहावे, असे तिथे सांगितले आहे. ही वजाबाकी न केल्यास काय होते, ते एका कीटकनाशकासोबत आलेल्या पत्रिकेत दिसले. तिच्यात मात्रा हेक्टरी होती आणि पाणी हेक्टरी 500 लिटर. आमच्याकडे पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणारा माणूस एकराचा आणि पंपाचा हिशेब करतो. ‘पंपाला किती टाकू?’ एवढेच त्याला विचारायचे असते. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, म्हणजेच एकरी सुमारे 200 लिटर पाणी आणि 15 लिटरचे तेरा-चौदा पंप. हे गणित पत्रिकेने वाचकावर सोडले होते, आणि शेतात ते बहुधा बाटलीच्या झाकणाने उरकले जाते. उलट शेतकऱ्याला पाठ असलेल्या किडीच्या वर्णनावर भरपूर जागा खर्ची पडली होती. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणे होती. पण अशा पत्रिकेतील प्रत्येक ओळ मी तेव्हापासून फवारणाऱ्याच्या जिवाच्या हिशेबाने वाचतो.

एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच नाव ठेवावे, हा नियमही मला फार मोलाचा वाटतो. बाटलीतील मूळ कीटकनाशक आणि पाण्यात कालवलेले द्रावण या दोहोंना ‘औषध’ म्हटले, तर दिलेली मात्रा नेमकी कशाची, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

इंग्रजी व्याकरणावर बेतलेले नियम मात्र मराठीत आणताना विचार करावा लागतो. क्रमवार पायरीची सुरुवात आज्ञार्थी क्रियापदाने करावी, असे अभ्यासक्रम सांगतो. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. कर्मणी रचना टाळण्याचा सल्लाही तसाच, कारण ‘शेतकऱ्याने औषध फवारले’ हे साधे मराठी वाक्यच कर्मणी आहे. आपल्याकडे खरा दोष ‘करण्यात यावा’ या सरकारी वळणात आहे. ‘फवारणीपूर्वी संरक्षक साधनांचा वापर करण्यात यावा’ याऐवजी ‘हातमोजे, मास्क आणि चष्मा घाला, मगच बाटलीचे झाकण उघडा’ असे लिहिले, की कोणी, काय आणि कधी करायचे ते एका वाचनात समजते.

पाठ बहुतांशी मजकुराच्या स्वरूपात असल्यामुळे खेड्यातील मंद नेटवर्कवरही ते उघडतात. स्वाध्यायांची उत्तरे तिथल्या तिथे दिसतात, पण एकट्याने शिकणाऱ्याचे लेखन तपासून देणारे कोणी नसते, आणि ही उणीव मोठी आहे. उदाहरणे संगणकाच्या क्षेत्रातील आहेत आणि मूळ पाठ इंग्रजीत आहेत, त्यामुळे इंग्रजी वाचनाची सवय नसलेल्या कृषिमित्राला ते एकट्याने झेपणार नाहीत. कंपनीतील एकाने ते वाचून मराठी उदाहरणांसह इतरांना शिकवणे, हा मला त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग वाटतो.

दुसऱ्या भागातील नमुना कोडचा धडा आपण सोडून द्यावा. चित्रांचा आणि स्वतःचे लेखन तपासण्याचा धडा सोडू नये. लिहिलेले मोठ्याने वाचावे, ही त्यातील सूचना आम्ही थोडी वाढवून घेतली आहे: छपाईपूर्वी पत्रक फवारणी करणाऱ्या मजुरांना वाचून दाखवतो, आणि जिथे ते ‘म्हणजे?’ असे विचारतात, ते वाक्य पुन्हा लिहितो.