पहिली टी कॅडी कोणती घ्यावी: चांदीची, महोगनीची की फळाच्या आकाराची?

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये चहा इतका महाग होता की तो स्वयंपाकघरात न ठेवता दिवाणखान्यातील कुलपाच्या पेटीत ठेवला जाई आणि त्या पेटीची किल्ली घरच्या मालकिणीकडे असे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचून कोठीघर सांभाळणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या व्यवस्थेचे मर्म वेगळे सांगावे लागणार नाही. या पेटीला टी कॅडी म्हणतात आणि ते नाव मलय भाषेतील ‘काती’ या सुमारे ६०० ग्रॅमच्या वजनावरून आले आहे. इंग्लंडच्या राजघराण्यात चहाची आवड रुजवण्याचे श्रेय ज्या पोर्तुगीज राजकन्येला दिले जाते, त्या कॅथरीनच्या विवाहकराराने मुंबईची बेटेही इंग्रजांच्या हाती गेली, हा योगायोग मुंबईकर संग्राहकाला या वस्तूजवळ घेऊन जाण्यास पुरेसा आहे.

हा आढावा पहिलीच कॅडी घेऊ पाहणाऱ्या वाचकासाठी आहे, मग तो लंडन-लीसेस्टरमध्ये राहणारा असो वा मुंबई-पुण्यात. निवड करताना तीन गोष्टी तपासाव्यात असे मला वाटते: ही वस्तू स्वतःच्या वयाचा पुरावा स्वतः देते का, आपल्या घरातील हवा तिला मानवेल का, आणि कायदा तिला आपल्यापर्यंत येऊ देईल का. सौंदर्याचा विचार मी मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण या पेट्या बहुतेक सुंदरच असतात आणि फसगत होते ती सौंदर्यामुळेच.

पुराव्याच्या कसोटीवर चांदीची कॅडी सर्वांत पुढे आहे. इंग्लंडमध्ये चांदीची शुद्धता सरकारमान्य कार्यालयात तपासून तिच्यावर छाप उठवण्याची पद्धत फार जुनी असल्यामुळे कॅडीचा तळ वाचला की बरीचशी माहिती हाती येते. चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध चांदी, बिबट्याचे मस्तक म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, मुकुट म्हणजे शेफील्ड. शिवाय वर्षाचे अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे. बर्मिंगहॅम आणि शेफील्ड येथील कार्यालये १७७३ मध्ये सुरू झाली, म्हणून त्याआधीच्या वर्षाच्या वस्तूवर त्यांची चिन्हे आढळली तर शंका घ्यावी. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राज्यकर्त्याच्या मस्तकाचा छापही उठवला जाई. १६९७ ते १७२० या काळात ९५.८४ टक्के शुद्धतेची अट होती. त्या काळातील कॅडी बाटलीच्या आकाराच्या, लहान असतात आणि त्यांचे घुमटाकार टोपण चहा मोजण्याचे माप म्हणूनही वापरले जाई.

चांदीत दोष लपत नाहीत असे मात्र नाही. तळावर छापांचा पूर्ण संच असेल आणि सुट्या झाकणावर एकही छाप नसेल, तर झाकण मागाहून आलेले असण्याची शक्यता धरावी. एखाद्या घराण्याचे कोरलेले चिन्ह नंतरच्या मालकाने घासून काढले असेल, तर त्या जागी पत्रा पातळ होतो आणि अंगठ्याने हलके दाबल्यावर दबतो. पृष्ठभागावर तोंडाची वाफ सोडून पाहिल्यास डाक लावून केलेली दुरुस्ती क्षणभर वेगळी उठून दिसते. विक्रेत्यासमोर हे करायला संकोच वाटू देऊ नये. जाणकार विक्रेता स्वतःच ते करून दाखवतो. चांदीच्या कॅडी पूर्वी पुष्कळदा तिघींच्या संचात असत, दोन चहासाठी आणि एक साखरेसाठी. असे संच वाटण्यांमध्ये फुटले, म्हणून आज एकटी कॅडी मिळते तेव्हा ती अपूर्ण आहे असे समजून भाव पाडून मागता येतो.

कारागिरांच्या नावांमुळे किंमत बरीच बदलते. पॉल द लॅमेरी यांच्या हातची वस्तू पहिल्या खरेदीच्या आवाक्यातील नव्हे. १७६१ मध्ये स्वतःची खूण नोंदवून पतीच्या पश्चात कारखाना चालवणाऱ्या हेस्टर बेटमन यांच्या खुणेला आजही वेगळा भाव मिळतो. माझ्या मते नवख्याने नावासाठी जास्त पैसे मोजू नयेत. त्याच काळातील, तितक्याच बारीक चकाकत्या कोरीव कामाची, पण कमी परिचित कारागिराची कॅडी तुलनेने स्वस्तात मिळते.

चांदीचा मुलामा असलेल्या कॅडीही याच ओघात समोर येतात. शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हर यांनी १७४० च्या दशकात तांब्यावर चांदीचा पत्रा एकजीव करण्याची रीत शोधली आणि पुढे १८४० मध्ये एल्किंग्टन यांच्या पेटंटनंतर विजेच्या साहाय्याने मुलामा देणे सुरू झाले. जुन्या शेफील्ड कामात कडांवर झिजेमुळे आतले तांबे गुलाबी झळकते, आणि ते तसेच राहू द्यावे. पुन्हा मुलामा चढवला की वस्तूचे मोल जाते.

लाकडी कॅडीकडे वळताना वाचकाने थोडा अधिक वेळ हाताशी ठेवावा, कारण तिच्यावर कोणताही सरकारी छाप नसतो आणि तिचे वय तिच्या घडणीतून वाचावे लागते. अठराव्या शतकाच्या मध्यावरच्या पेट्या घन महोगनीच्या, आत दोन-तीन सुटे डबे बसतील अशा असतात. १७८० नंतर पेट्या लहान, लंबगोल किंवा अष्टकोनी होतात आणि सॅटिनवुड या पिवळसर, चमकदार लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर शिंपल्याचे किंवा फुलांचे जडावकाम दिसू लागते. १८१० नंतर शिसवी लाकडाच्या, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या, शवपेटीच्या घडणीच्या जड कॅडी येतात. त्यांना सिंहमुखी पितळी कड्या असतात. १७८४ मध्ये पंतप्रधान विल्यम पिट (धाकटे) यांच्या सरकारने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणला, तस्करीचा कणा मोडला आणि चहा मध्यमवर्गाच्या घरात शिरला. त्या काळानंतरच्या लाकडी पेट्या आज मोठ्या संख्येने दिसतात, आणि साधी महोगनीची पेटी लिलावात सामान्यतः काही शे पौंडांत, कधी त्याहूनही कमीत मिळते, याचे एक कारण हेही आहे.

लाकडी कॅडी आतून बघावी. चहा दमट होऊ नये म्हणून कप्प्यांना शिसे-कथलाच्या मिश्रणाच्या पातळ पत्र्याचे अस्तर असे. ते काळवंडलेले, सुरकुतलेले, कोपऱ्यांत फाटलेले असले तरी मूळचे अस्तर ही कॅडीची सर्वांत मोलाची साक्ष आहे. नंतरच्या काळात अनेक पेट्यांतील कप्पे काढून मखमल लावली गेली आणि त्यांचे दागिन्यांचे डबे झाले; अशी पेटी शोभेला चांगली असली, तरी टी कॅडी म्हणून तिची किंमत देऊ नये. मधल्या गोल खाचेत काचेचे भांडे असते. ते साखरेसाठी होते की दोन प्रकारचे चहा मिसळण्यासाठी, याविषयी मते वेगळी आहेत. ते मूळचे क्वचितच असते आणि नंतर बसवलेले असल्यास मी तो मोठा दोष मानत नाही. बिजागरीच्या स्क्रूंभोवती जुनी रिकामी भोके दिसतात का आणि कुलपाची खाच कुलपाला नेमकी बसते का, एवढे मात्र पाहावेच.

आता हवेचा मुद्दा. जुन्या पेट्यांवरील पापुद्रे प्राणिज सरसाने चिकटवलेले असतात, आणि हा सरस ओलाव्याने सैल पडतो. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या पावसाळ्यात जडावकामाची सॅटिनवुड पेटी उघड्या शेल्फवर ठेवली, तर पापुद्रे फुगून कडा सुटण्याचा धोका खरा आहे. वाळवीचा धोका वेगळाच. घन महोगनीची पेटी त्या मानाने बराच तग धरते. चांदी दमट हवेत काळी पडते, पण तिची हानी हवेपेक्षा अतिउत्साही घासण्याने अधिक होते, कारण दर सणाला पावडरीने चकचकीत केलेल्या कॅडीवरील कोरीव काम आणि छाप हळूहळू पुसट होतात. मऊ सुती कापडाने हलके पुसून ती गुंडाळून ठेवावी.

नाशपाती, सफरचंद किंवा खरबुजाच्या आकाराच्या कॅडी लाकूड चरकावर कातून, बहुधा अठराव्या शतकाच्या अखेरीस बनवल्या गेल्या. त्या पाहताक्षणी मोह घालतात, त्यांची किंमत बऱ्याचदा हजारो पौंडांत जाते आणि म्हणूनच त्यांच्या नकला सर्वांत जास्त आहेत. लाकूड शतकानुशतके रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, त्यामुळे खरी जुनी नाशपाती हातात फिरवली की ती पूर्ण गोल राहिलेली नसते. अचूक गोल, आतून स्वच्छ, अस्तराचा मागमूस नसलेली आणि एकसारख्या रंगाची नाशपाती समोर आली तर ती ठेवून द्यावी. पहिली खरेदी म्हणून हा प्रकार मी कोणालाही सुचवणार नाही, कितीही आवडला तरी.

कासवाच्या कवचाने मढवलेल्या कॅडीबद्दल थोडक्यात सांगता येते. ते कवच हॉक्सबिल या समुद्री कासवाचे असते आणि या कासवाला भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे, तर जगभर वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराचे सर्वोच्च संरक्षण आहे. १९४७ पूर्वी घडवलेल्या अशा वस्तूची ब्रिटनमध्ये खरेदी-विक्री होऊ शकते, पण ती भारतात आणण्याचा विचार करू नये. हस्तिदंताचा मुद्दा मात्र लाकडी कॅडी घेणाऱ्यालाही गाठतो, कारण किल्लीच्या भोकाभोवतीची लहानशी पांढरी चकती पुष्कळदा हस्तिदंताची असते. जून २०२२ पासून ब्रिटनमध्ये हस्तिदंत असलेली वस्तू विकण्यावर कडक निर्बंध आहेत. १९४७ पूर्वीच्या आणि १० टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूसाठीही सूट नोंदवून घ्यावी लागते. भारतात पाठवायची असेल, तर पितळी किंवा हाडाची चकती असलेलीच पेटी निवडावी. हाडात भिंगाखाली बारीक काळसर ठिपके किंवा रेघोट्या दिसतात, तर हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते.

कॅडीसोबतच्या वस्तूंमध्ये मला सर्वांत जवळची वाटते ती टीपॉय. आपण दिवाणखान्यातील बसक्या टेबलाला सर्रास टीपॉय म्हणतो, पण मूळ शब्द ‘तिपाई’, म्हणजे आपली तिवई. इंग्रजांनी तो इथून नेला, त्यात ‘टी’ ऐकला आणि १८२० ते १८४० च्या सुमारास एका खांबावर उभ्या, झाकण उघडताच आत दोन-चार कॅडी आणि काचेची भांडी असलेल्या पेटीला ते नाव दिले. जागा असेल आणि आतील कॅडी शाबूत असतील, तर टीपॉय हा उत्तम पर्याय आहे. पण रिकामी करून शिवणकामाची पेटी बनवलेली टीपॉय घेण्यात अर्थ नाही. ज्यांचे अंदाजपत्रक अगदी लहान आहे, त्यांनी कॅडीचा आखूड दांड्याचा चमचा घ्यावा. शिंपला, पान, घोडेस्वाराची टोपी अशा आकारांतील हे चमचे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुख्यतः बर्मिंगहॅममध्ये बनले, आणि त्यांच्यावर पूर्ण छाप असल्यामुळे छाप वाचण्याचा सराव करायला त्यांच्यासारखे साधन नाही.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा भारतातील लिलावांत चांदीची कॅडी दिसलीच, तर ती इंग्लिश आहे असे गृहीत धरू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भुजच्या उमरशी मावजी यांच्यासारख्या कारागिरांनी चहाचे अप्रतिम संच घडवले, पण भारतात तेव्हा सक्तीचा हॉलमार्क नव्हता, त्यामुळे त्यांच्या कामाची पारख वेलबुट्टी आणि नावाच्या खुणेवरून करावी लागते. या वस्तूंना मी इंग्लिश चांदीहून तसूभरही कमी मानत नाही, फक्त त्यांच्यासाठी तयार डोळा लागतो.

म्हणून माझा सल्ला असा आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याने मूळ अस्तर असलेली १७८० ते १८०० दरम्यानची लाकडी कॅडी घ्यावी. त्या पैशांत इतकी अस्सल वस्तू दुसरीकडे मिळणे कठीण आहे. किनारपट्टीवर राहणाऱ्याने लहान पण पूर्ण छापांची चांदीची कॅडी घ्यावी आणि आयात शुल्काचा दर बोली लावण्यापूर्वीच विचारून ठेवावा. पुणे, नाशिक, नागपूरसारख्या कोरड्या हवेच्या शहरांत घन महोगनीची पेटी निर्धास्तपणे चालेल, फक्त ती उन्हात ठेवू नये. पुढे कधी वस्तू परदेशातील मुलांकडे पाठवण्याचा विचार असेल, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंची खासगी निर्यात होत नाही हे ध्यानात घेऊन ती भारतात आणण्याआधीच जाणकाराचा सल्ला घ्यावा. आणि दुरून खरेदी करताना विक्रेत्याकडे तळाचे, झाकणाच्या आतल्या बाजूचे, बिजागरीचे आणि रिकाम्या कप्प्यांचे अशी चार छायाचित्रे मागावीत. तीच देण्यास टाळाटाळ झाली, तर पुढची कॅडी पाहावी.